रोझेनवाल्ड शाळा: श्रेय नक्की कोणाचं?

खडूफळा: १९१२ ते १९३२ या काळात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या १५ राज्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी ४,९७७ शाळा उभ्या राहिल्या. कल्पना टस्कीगी या अलाबामातल्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांची, पैसा 'सीअर्स' या बड्या व्यापारी कंपनीचे प्रमुख ज्युलियस रोझेनवाल्ड यांचा, म्हणून नाव 'रोझेनवाल्ड शाळा'. मला हे नावच खटकतं. एकूण खर्च २ कोटी ८४ लाख डॉलर. त्यात रोझेनवाल्ड यांचे ४३ लाख आणि कृष्णवर्णीय गावकऱ्यांचे ४७ लाख! अर्धेलीनं शेत कसणाऱ्यांनी कापसाच्या शेताचा एक तुकडा शाळेसाठी राखला, बायकांनी कोंबड्या-अंडी विकली. आणि नाव लागलं शेठजींचं.

बोरू: शेठजी फुकट वाटत नव्हते हो. गावानं वाटा उचलायचा, सरकारी शाळाखात्यानं पैसे घालून इमारत आपल्या नावावर घ्यायची, तरच यांचा चेक. त्या अटीमुळेच सरकारी तिजोरीतून १ कोटी ८१ लाख सुटले. नुसत्या अंड्यांच्या पैशांवर गोऱ्या अधिकाऱ्यांनी दमडी सोडली असती का?

खडूफळा: सोडली म्हणजे उपकार केले? तिजोरीत कर कृष्णवर्णीयांचाही होता. एकाच शाळेसाठी आधी कर भरा, मग वर वर्गणी द्या!

घाटमाथा: तुमचा हिशेब चालू द्या, मी इमारतीबद्दल बोलतो. वीज नव्हती. म्हणून पूर्व-पश्चिमेला उंच खिडक्यांची सलग रांग, बाकं अशी मांडायची की उजेड डावीकडून यावा आणि लिहिणाऱ्या हाताची सावली वहीवर पडू नये. दोन वर्गांमधली घडीची भिंत सरकवली की गावाचं सभागृह तयार. सुरुवातीचे आराखडे टस्कीगीत रॉबर्ट टेलर यांच्या हाताखाली झाले. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर! श्रेयाच्या भांडणात त्यांचं नाव तुम्ही दोघांनीही घेतलं नाहीत.

बोरू: टेलर यांचं मान्य.

खडूफळा: मलाही. पण पुढचं बघा. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या ब्राउन निकालानंतर शाळा एकत्र होऊ लागल्या, तशी या शाळांना कुलुपं लागली आणि कितीतरी कृष्णवर्णीय शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. आज जेमतेम ५०० इमारती उरल्यात. त्यातल्या बऱ्याच कोणी राखल्या? माजी विद्यार्थ्यांनी आणि शेजारच्या चर्चनं. म्हणजे वर्गणी पुन्हा त्यांचीच.

बोरू: खरंय. पण २००२ मध्ये ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या अमेरिकी संस्थेनं त्यांना धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घेतलं, ते याच एका नावाखाली. सुट्या पडक्या शाळांना गावागावाच्या नावानं कोणी विचारलं असतं असं वाटतं तुम्हाला?