मदत हवी आहे: पिलू घरात घ्यावं का? (इंदूर)

नमस्कार मंडळी,

आम्ही सुदामा नगरला राहतो. दिवाळी झाल्यावर गल्लीतल्या कुत्रीला चार पिल्लं झाली. दोन गेली, एक कुणीतरी नेलं. उरलेलं आमच्या जिन्याखाली, माझ्या स्कूटीमागे झोपतं. पांढऱ्या पाठीवर तपकिरी ठिपके शिंपडल्यासारखे, म्हणून लेकीनं नाव ठेवलं 'जिरावन' (आमच्याकडे पोह्यांवर भुरभुरतात तो मसाला). नाव ठेवलं म्हणजे पाळलंच, असं तिचं म्हणणं. ती नऊ वर्षांची आहे.

घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. नवरा पीथमपूरला शिफ्टमध्ये, माझं ऑफिस दहा ते सहा. सासूबाई घरी असतात, पण ७१ वर्षांच्या, गुडघे दुखतात, जिना उतरणं जवळजवळ बंद. खर्चाचं मी पाहून घेईन. अडलंय ते दुसरीकडेच.

देशी कुत्रं नीट सांभाळलं तर बारा-चौदा वर्षं सहज जगतं. म्हणजे लेक एकवीस-तेवीसची होईपर्यंत. ती अठराव्या वर्षीच पुण्याला नाहीतर बंगलोरला जाणार (आपली इंदूरची पोरं इथे थांबतात कुठे!). कुत्र्याचं म्हातारपण आलं की औषधं, अंथरुणातली शू, तीन मजले उचलून नेणं, सगळं माझ्याकडे. तेव्हा मी बावन्न-त्रेपन्नची. हट्ट तिचा आणि कुत्रं माझं, असं होणार हे मला आजच दिसतंय.

म्हणून अट घातली: पंधरा दिवस रोज सकाळी साडेसहाला खाली उतरायचं, त्याला अर्धा तास द्यायचा, घाण स्वतः उचलायची. पाच दिवस उतरली. सहाव्या दिवशी थंडी पडली. दोनदा हाक मारली, मग मीच गेले. तेव्हापासून मीच जातेय. नवऱ्याला वाटतं, लेक जाते. सांगायचं राहिलंय.

तर ज्यांच्या घरी दिवसभर माणूस नाही किंवा म्हातारं माणूसच आहे, त्यांनी कसं निभावलं? गावाला जाताना काय करता? आणि दिवाळीचे फटाके? खरं खरं सांगा, 'खूप प्रेम देतात हो' एवढंच नको.

प्रतिसाद १
ताई, प्रेमाचं सोडा, लसीचं बघा. सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पार्वो-डिस्टेंपर या जीवघेण्या रोगांवरची पहिली लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांपर्यंत. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची. जंताचं औषध वेगळं. तुमची दोन पिल्लं पार्वोनंही गेली असतील, या वयात तो फार पिल्लं नेतो. तेव्हा ठेवायचं की नाही हे नंतर ठरवा, लस या आठवड्यात द्या.
प्रवासाचं म्हणाल तर रेल्वेत फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन घ्यावी लागते, नाहीतर कुत्रं गार्डच्या डब्यात एकटं. आम्ही आठ वर्षांत दोघं एकत्र गावाला गेलेलो नाही. हे कुणी आधी सांगत नाही.
आणि त्याला पोहे घालत असाल तर बंद करा. कांदा कच्चा असो की शिजलेला, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. द्राक्षं, मनुका, चॉकलेटही नको.

प्रतिसाद २
घरातच घ्यायला हवं असं कुठाय? गल्लीचं म्हणून राहू दे. खायला घाला, लस द्या, मोठं झालं की नसबंदी. २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि रेबीजची लस झाली की कुत्रं उचललं तिथेच आणून सोडायचं असतं, म्हणजे ते तुमच्याच जिन्याखाली येणार. आईची मात्र आधी करा. ती पुन्हा गाभण राहिली की ६३ दिवसांत नवीन बारसं.
बाकी ताई, सहाव्या दिवशी तुम्ही का उतरलात, ते कुणी विचारलंच नाही.

धागाकर्ती
दोघांचे आभार. गुरुवारी लसीला नेतेय. घरात की जिन्याखाली, ते अजून ठरत नाहीये. नवऱ्याला आज सांगितलं, तो फक्त हसला.
कांद्याचं मात्र मोठ्यानं वाचून दाखवलं आणि सासूबाई एकदम गप्प. भाजीची टोपली गॅलरीतून दोरीनं खाली सोडतो ना आम्ही, तिच्यातून रोज सकाळी पोहे जात होते. आता विचारतायत, बिनकांद्याचे चालतील का?