डार्लिंगकाठचा फुकट मुक्काम बंद करा म्हणणाऱ्यांना

बर्कवारी:
परवा या मंचावर एकाने लिहिलं होतं, ‘ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकमध्ये, म्हणजे आतल्या विरळ वस्तीच्या भागात, नदीकाठी फुकट कॅम्पिंग सरसकट बंद करा, रात्रीचे पैसे लावा, म्हणजे फुकटे येणार नाहीत आणि नदी स्वच्छ राहील.’ दोन दिवस गप्प बसलो. आता राहवत नाही.

आम्ही नऊ वर्षं हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जून-जुलैत, बर्क गावाहून डार्लिंग नदीच्या काठाने खाली जातो. लाउथ, टिल्पा, विल्केनिया, मेनिंडी, पुनकेरी आणि शेवटी वेंटवर्थ, जिथे ती मरे नदीला मिळते. सातशे किलोमीटरच्या वर रस्ता, बराचसा मातीचा. पहाटे तंबूवर दहिवर गोठलेलं असतं, पाण्यावरून वाफ सरकत असते आणि रेड गमच्या झाडांवर कोरेला काकाकुवांचा कलकलाट सुरू होतो. हे सुख सिडनीत दोन नोकऱ्या करून घराचे हप्ते भरणाऱ्या कुटुंबालाही मिळतं, ते काठ मोकळा आहे म्हणून.

आणि फुकटे कोण? मुक्कामाचे वाचलेले पैसे आम्ही डिझेल, बर्फ, ब्रेड आणि पबच्या जेवणात त्याच गावांत घालतो. टिल्पाच्या पबमध्ये फ्लाइंग डॉक्टरसाठी, म्हणजे विमानाने येणाऱ्या डॉक्टरांच्या सेवेसाठी, देणगी देऊन भिंतीवर नाव लिहितात. माझ्या लेकीने पाचवीत असताना तिथे देवनागरीत नाव लिहिलंय. पैसे लावले की घाण थांबते, हे कुणी ठरवलं?

पश्चिमवारा:
तो लेख माझा नाही, पण त्याच्याशी मी सहमत आहे. नदीकाठच्या एका छोट्या गावात चार वर्षं नर्स होते. तुम्ही दोन रात्री राहून जाता, मागे काय उरतं ते आम्ही बघितलंय.

एका ईस्टरनंतर आम्ही सात-आठ जणी पिशव्या घेऊन काठावर गेलो. जवळजवळ प्रत्येक मोठ्या झाडामागे पांढरा कागद. खड्डा खणायचे कष्टसुद्धा नाहीत, वर दगड ठेवला की झालं. त्याच आठवड्यात चार वर्षांचं पोर दवाखान्यात आणलं. कुणीतरी शेकोटी वाळूने झाकून निघून गेलं होतं. वाळूखाली निखारा तासन्‌तास धगधगतो. पोर अनवाणी धावत त्यावर गेलं. दोन्ही तळवे सोलून निघाले होते. त्याचं ओरडणं मला अजून ऐकू येतं. शेकोटी पाणी ओतून, हात लावून बघून विझवायची, एवढं साधं. कचऱ्याच्या गाडीचा खर्च मूठभर करदाते भरतात, पाहुणे नाही.

बर्कवारी:
त्या पोराचं वाचून वाईट वाटलं. पण मागच्या वर्षी एका पैसेवाल्या कॅराव्हान पार्कमध्येही मी अशीच अर्धवट विझवलेली शेकोटी बघितली. पैसे भरलेला माणूस तर म्हणतो, साफसफाईचे पैसे दिलेत, मी का उचलू?

उंबरठा:
बर्कवारी, शेकोटीचं एक उदाहरण देऊन सुटू नका. शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यात नदीलगतची सरकारी जमीन शेतकऱ्यांना लायसन्सवर दिलेली असते. २०२१ च्या सप्टेंबरपासून तिथे ठरावीक ठिकाणी मुक्काम करता येतो. माझा मित्र असा पट्टा सांभाळतो. एकदा कुणीतरी फाटक उघडं टाकलं आणि त्याची चाळीस गुरं रस्त्यावर आली. फाटक जसं दिसेल तसंच ठेवायचं, उघडं तर उघडं, बंद तर बंद. आउटबॅकचा हा पहिला धडा. तो ज्याला माहीत नाही त्याने घरी बसावं.

चंद्रभागा७:
घरी बसावं म्हणायला सोपं आहे. मी आळंदीकडची. लहानपणी पालखी गेल्यावर तळावर पाय ठेववत नसे, आणि लोक वारकऱ्यांना नावं ठेवायचे. निर्मल वारीत फिरती शौचालयं आली आणि तेच तळ बदलले. माणसं तीच होती, सोय नव्हती. डार्लिंगच्या काठावर दर पन्नास-साठ किलोमीटरवर एक संडास आणि गाडीतलं केमिकल टॉयलेट रिकामं करायला डम्प पॉइंट द्या, मग भांडू.

पश्चिमवारा:
आणि तो संडास उपसायचा कुणी? दोनशे किलोमीटरवरून टँकर येतो. तोही कोरडं असेल तर. चार थेंब पडले की काळ्या मातीच्या रस्त्यावर चाकं रुततात आणि शायर, म्हणजे इथलं स्थानिक कौन्सिल, रस्ताच बंद करतं.

कोकणमासा:
घाणीचं चाललंय म्हणून सांगतो, कागदापेक्षा जास्त वास काठावर फेकलेल्या कार्प माशांचा येतो. मेनिंडीला अकरा मोजले, उन्हात फुगलेले, माश्या घोंघावत होत्या.

उंबरठा:
मग काय करायचं? जिवंत कार्प पाण्यात परत सोडायचा नाही. कीड आहे ती. चिखल ढवळून नदी गढूळ करते, मरे-डार्लिंगच्या देशी माशांचं वाटोळं केलंय.

कोकणमासा:
मारा आणि पुरा! किंवा खा. कार्प म्हणजे रोहूच्या कुळातलाच मासा. कातडी आणि कुशीच्या मधल्या रेषेलगतचं लालसर मांस काढून टाका, चिखलाचा वास त्यात जास्त असतो. हळद-मीठ-चिंचेत तासभर ठेवा आणि रवा लावून तव्यावर टाका. तीन सीझन खातोय.

सांजपाखरू:
त्या पाण्यातला मासा खायला घालता? निळी-हिरवी शेवाळं आली की पाण्यात हात घालू नका म्हणून पाट्या लागतात. मार्च २०२३ मध्ये मेनिंडीला लाखो मासे तरंगले, आठवतं ना? पाण्यातला ऑक्सिजन संपला होता.

कोकणमासा:
पाटी असेल तेव्हा मी गळच टाकत नाही. एवढी अक्कल आहे मला.

चंद्रभागा७:
कार्पवर हर्पिसचा विषाणू सोडायची योजना होती ना? २०१६ मध्ये सरकारने गाजावाजा केला होता.

उंबरठा:
होती. पण लाखो टन मेलेले मासे सडले तर पाण्याचं काय, तोच तर प्रश्न आहे.

बर्कवारी:
अहो, धागा मुक्कामाचा आहे! पण सांजपाखरू यांनी मुद्द्याचं बोललंय. ते लाखो मासे माझ्या तंबूमुळे मेले नाहीत. वरच्या अंगाला कापसासाठी पाणी उपसायचं, आणि नदी आजारी पडली की खड्डा खणायला फावडं घेऊन येणाऱ्या माझ्यासारख्या माणसाकडे बोट दाखवायचं?

सांजपाखरू:
बोट तुमच्याकडेही आहे. तुम्ही ‘काठ मोकळा आहे’ लिहिलंत. कुणाचा काठ? इथले मूळ रहिवासी बार्किंजी लोक या नदीला बाका म्हणतात, त्यांचं नावच तिच्यावरून पडलंय. २०१५ मध्ये न्यायालयाने या जमिनीवरचा त्यांचा मूळ हक्क मान्य केला. मी विल्केनियात एका आजींना विचारलं, आम्ही इथे राहिलो तर चालेल का? त्या म्हणाल्या, विचारलंस, बहुतेक जण विचारतच नाहीत. एवढंच बोलून त्या पाण्याकडे बघत बसल्या.

बर्कवारी:
नऊ वर्षांत मी कुणालाच विचारलं नाही. हे मान्य करावं लागेल. पैशाचं मात्र मान्य नाही.

पश्चिमवारा:
मग पैसे नको, नोंद ठेवा. कोण, किती रात्री, गाडीत टॉयलेट आहे की नाही. टॉयलेट नसेल तर गावाच्या तळावर जागा.

बर्कवारी:
फुकट नोंद असेल तर करीन. फीचं दार मागून उघडणार असाल तर नाही.

उंबरठा:
आणि फाटक?

बर्कवारी:
फाटक मी कधीच उघडं टाकलेलं नाही. जुलैत लाउथला आहोत, येऊन बघा. पाऊस झाला तर बर्कलाच अडकू. आणि तंबू रेड गमच्या फांदीखाली लावू नका, वारा नसतानाही त्या तुटून पडतात.

कोकणमासा:
तवा मी आणतो.