ऑस्ट्रेलियाला जाण्याआधी

ताई, मुलाकडे मेलबर्नला निघालात, छानच. पण 'कांगारू आणि क्रिकेट माहीत आहे, तेवढं पुरे' हे तुम्ही लिहिलेलं वाचून राहवलं नाही. आपल्या बडोद्याबद्दल कोणी 'गरबा नि शेवउसळ, बास' म्हणालं तर आपल्याला चालेल का?

२६ जानेवारीचंच घ्या. आपला प्रजासत्ताक दिन, तिकडचा ऑस्ट्रेलिया डे. १७८८ साली याच तारखेला इंग्रजांनी सिडनीला झेंडा रोवला. तिथल्या अनेक मूळ रहिवाशांसाठी तो शोकाचा दिवस आहे. १९३८ साली त्यांनी सिडनीत तो तसा जाहीरपणे पाळलाही. तेव्हा भेटेल त्याला 'हॅपी ऑस्ट्रेलिया डे' म्हणू नका. या मूळ रहिवाशांची लेकरं सरकारने घरातून उचलून नेली, पिढ्यान् पिढ्या. संसदेत पंतप्रधान केव्हिन रड यांनी माफी मागितली ती थेट २००८ साली. हा इतिहास तरी वाचूनच जा, वाचवत नाही तरी.

उलुरूला, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातल्या त्या प्रचंड खडकाकडे, जाणार असाल तर आधी तिथलं सांस्कृतिक केंद्र बघा. तिथल्या मूळ रहिवाशांसाठी, अनंगू लोकांसाठी, तो खडक पवित्र आहे, वर चढणं ऑक्टोबर २०१९ पासून बंद आहे. पायथ्याच्या वाटेवर काही जागी 'फोटो काढू नका' अशा पाट्या आहेत. तिथे मोबाइल पर्समध्येच राहू द्या.

आणि निघण्याआधी एक दिवस छोटा उदेपूरकडे तेजगढच्या आदिवासी अकादमीत जाऊन या. राठवा आदिवासींच्या पिठोरा भित्तिचित्रांतले घोडे इतक्या जवळ असून आपल्यापैकी कितीजणांनी पाहिलेत?