आईला आमवात, हार्ट पॅकेजमध्ये एचएस-सीआरपी ९.२, घाबरायचं का?

फोंडेकर७९: आईचं वय ६१, रूमेटॉइडला (आमवाताला) ९ वर्षं झाली, त्यावरची मेथोट्रेक्सेट गोळी चालू आहे. लॅबची ऑफर होती म्हणून हार्ट पॅकेज केलं तर एचएस-सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ताची टेस्ट) ९.२ आणि पुढे लाल अक्षरात हाय रिस्क. तेव्हापासून आई जिना चढताना छातीवर हात ठेवून थांबते नि माझ्याकडे बघते. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) मात्र ८८, मस्त. खरं काय धरायचं? सांध्यांच्या डॉक्टरची तारीख पुढच्या महिन्यात आहे.

लॅबवाली_म्हापसा: १ च्या खाली लो, ३ च्या वर हाय, हे माप ज्यांना असला आजार नाही त्यांच्यासाठी हो. सीआरपी लिव्हर बनवतं, सूज बोटांत आहे की रक्तवाहिनीत ते त्याला काय कळणार, आणि मशीनला तुमच्या आईचा आमवात माहीत नसतो, आकडा गेला वर की लाल. रक्त कधी दिलेलं?

फोंडेकर७९: चतुर्थी झाल्या झाल्या. नेवऱ्यांचं पीठ मळून बोटं अशी सुजलेली की बांगडी निघेना 😐

लॅबवाली_म्हापसा: मग झालंच की! पण ८८ बघून पण खुश होऊ नका. सूज जोरात असली की एलडीएल खाली येतो, सांधे शांत झाले की परत चढतो, त्यामुळे तेव्हा परत करा. आमवातात हार्टचा धोका मुळातच जास्त, युलार ही युरोपातली संघटना तर नेहमीच्या रिस्क स्कोअरला १.५ ने गुणायला सांगते. आणि जिन्यावर खरंच दम लागतो की भीती, ते आधी विचारा. दम लागत असेल तर तारखेची वाट बघू नका.

मडगावकार: टेस्ट आजाराप्रमाणे बदलते. बायकोला स्क्लेरोडर्मा (कातडी घट्ट होणारा आजार), तिचं एकोबरोबर एनटी-प्रोबीएनपी ही रक्ताची टेस्ट करतात, फुफ्फुसाच्या नसांत प्रेशर वाढून हार्टवर ताण येतोय का बघायला (किडनी बिघडली तरी हा वाढतो म्हणे). शेजाऱ्याला मायोसायटिस (स्नायूंना सूज), त्याचा ट्रोपोनिन टी (हार्टला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रोटीन) वाढलेला बघून अॅटॅक समजून रात्रभर आयसीयूत ठेवला, सकाळी ट्रोपोनिन आय केला तर नॉर्मल, ईसीजी एको पण ठीक. टी त्या आजारात हातापायाच्या स्नायूंतूनपण येतो. बिल मात्र हार्टचंच लावलं.

फोंडेकर७९: विचारलं. दम बिम काय नाही, तो लाल कागद वाचून भ्यायली. तरी उद्या ईसीजी काढतो. नेवऱ्या पुढच्या वर्षी विकतच्या आणायच्या, पण हे तिला सांगणार कोण 🙏