मदत हवी आहे: सर्व्हरवरचं एसएमबी १ बंद करायचंय, पण वजनकाटा अडतोय

नमस्कार मंडळी. सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानाचं कॉम्प्युटरचं काम बघतो. सर्व्हर विंडोज सर्व्हर 2016, त्यावर एसएमबी १ (नेटवर्कवर फाइल शेअर करायचा जुना प्रोटोकॉल) अजून चालू आहे. 2017 मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच दारातून घुसला होता, त्यामुळे ते ठेवायचं नाही हे पक्कं.

थेट बंद करण्याआधी, एसएमबी १ कोण वापरतंय ते कळावं म्हणून सर्व्हरवर त्याचं ऑडिट चालू केलं. चार दिवसांत लॉगमधल्या इव्हेंट 3000 च्या नोंदींत दोनच मशीनचे पत्ते सापडले. एक जुना स्कॅनर; तो एफटीपीवर (फाइल पाठवायची वेगळी पद्धत) टाकला, मिटलं. दुसरा वजनकाट्याचा पीसी, त्यावर विंडोज एक्सपी! त्याला एसएमबी १ शिवाय दुसरं काही कळत नाही, आणि काट्याचं सॉफ्टवेअर पावत्या थेट सर्व्हरवरच्या शेअर फोल्डरमध्येच लिहितं. मालक म्हणतात, "सौदे चालू असताना काट्याला हात लावायचा नाही." त्यांचंही बरोबरच आहे म्हणा.

काट्यावरच्या पावत्या सर्व्हरने एफटीपीने ओढून घ्याव्यात, की मध्ये एखादा छोटा लिनक्स बॉक्स ठेवून एसएमबी १ तेवढ्यापुरतंच कोंडावं? कुणी प्रत्यक्ष केलंय का? आणि सर्व्हरवरून एसएमबी १ चं फीचर न काढता प्रोटोकॉल नुसता बंद केला, तर रीस्टार्ट टळेल ना?