मदत हवी आहे: ऑइल पेंटिंग १७ दिवस झाले तरी वाळत नाही, लवकर वाळायला काय घालू?

कृष्णाकाठचा: नमस्कार मंडळी. आयुष्यातलं पहिलंच ऑइल पेंटिंग केलंय, सांगलीतल्या आयर्विन पुलाचं, दोन वह्या शेजारी ठेवल्या की होईल एवढं. आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला द्यायचंय, ११ दिवस राहिलेत आणि चित्र अजून ओलंच आहे. गच्चीवर उन्हात ठेवलं, पंख्याखाली ठेवलं, बहिणीचा हेअर ड्रायर फिरवला, पण बोट लावलं की आभाळ बोटावर येतंय. रंग ब्रश मिळून साडेआठशे गेलेत, आणखी फार घालता येणार नाहीत. लवकर वाळायचं एक लिक्विड मिळतं म्हणे, ते कुठलं घेऊ आणि सांगलीत कुठे मिळेल तेवढं सांगा, प्लीज लवकर.

वाईची_सून: कशावर काढलंय? कॅनव्हास, कागद, फळी? रंग कुठले आणि थर किती जाड?

कृष्णाकाठचा: एमडीएफचा तुकडा आहे, सुतारकाकांनी फुकट दिला. वर गेसोचे, म्हणजे रंगाआधी लावायच्या पांढऱ्या लेपाचे, दोन हात मारलेत. रंग कॅमलचे, १२ ट्यूबांचा छोटा सेट. थर नॉर्मल. लिक्विडचं सांगा ना कुणीतरी.

मिरज_जंक्शन: भाऊ ऑइलच्या नादाला लागू नका, ॲक्रिलिक घ्या. अर्ध्या तासात वाळतं, ब्रश पाण्याने धुतले की झालं. मी चार वर्षं ऑइल केलं आणि एकदा सोडलं ते सोडलं. ११ दिवसांत तुमची तीन चित्रं होतील.

अजिंक्यतारा_सातारा: मिरजकर, त्याने ऑइलचं विचारलंय. ॲक्रिलिकमध्ये संध्याकाळच्या आभाळाचे रंग एकमेकांत मिसळेपर्यंत ब्रशवरच सुकतात, नवीन माणसाला ते जास्त अवघड जातं. @कृष्णाकाठचा, ऑइल पाण्यासारखं उडून वाळत नसतं. रंगातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि हळूहळू घट्ट होतं. बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाचा पातळ थर दोन-तीन दिवसांत बोटाला लागत नाही, टायटॅनियम व्हाइटला आठवडा जातो. पण १७ दिवसांनी आभाळ बोटावर येतंय म्हणजे काहीतरी वेगळं आहे. रंगात काय मिसळलं होतं?

हरिपूरकर: आयर्विन पूल वाचून राहवलं नाही. १९२९ चा पूल आहे, २०१९ च्या पुरात पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आम्ही रात्रभर मोबाईलवर पातळीच बघत होतो. चित्र कुठल्या बाजूने काढलंय, गावाच्या का सांगलीवाडीच्या? फोटो टाका की.

कृष्णाकाठचा: सांगलीवाडीकडून, आजोबा तिकडून चालत शाळेला यायचे म्हणून. मिसळलं म्हणजे, व्हिडिओत सांगितलं तसं रंग पातळ करायला तेल घातलं. टर्पेंटाइन आणलं नाही, आईला वासाचा त्रास होतो.

अजिंक्यतारा_सातारा: कुठलं तेल?

कृष्णाकाठचा: घरातलंच. शेंगतेल. घाण्यावरचं आहे, एकदम शुद्ध, भेसळीचं नाही.

वाईची_सून: अरे बाळा, इथेच अडलंय सगळं. शेंगतेल वाळणारं तेल नाही, शुद्ध असो नाहीतर नसो. बशीत जवसाच्या तेलाचं एक बोट ओढून ठेव आणि शेजारी शेंगतेलाचं ओढ. जवसाचं आठवड्या-दोन आठवड्यांत साय धरल्यासारखं होतं, नखाने त्याचा पापुद्रा निघतो. शेंगतेल तसंच बुळबुळीत राहतं. आता त्यात कुठलंही लिक्विड ओतलंस तरी पैसे वाया जातील.

मिरज_जंक्शन: वरून वार्निशचा हात मारा, आत ओलं राहिलं तरी वरून कोरडं दिसेल.

अजिंक्यतारा_सातारा: असलं काही करू नका! खाली ओलं आणि वर कडक झालं की सुरकुत्या पडतात, तडे जातात. पूर्ण वाळलेल्या चित्रालासुद्धा वार्निश सहा महिन्यांनी मारतात.

तासगाव_द्राक्षं: करडईचं तेल चालतं पण, पांढऱ्या रंगात कंपन्यासुद्धा घालतात कारण ते फारसं पिवळं पडत नाही. आमच्याकडे घाण्यावर मिळतं, पाहिजे तर पाठवतो.

वाईची_सून: करडई चालते दादा, पण जवसापेक्षा हळू वाळते आणि याच्याकडे ११ दिवस आहेत. शिवाय ट्यूबमध्ये मुळात तेल असतंच, याला वेगळं घालायची गरजच नव्हती. कृष्णाकाठच्या, आता खर्च न करता काय करायचं ते सांगते. ही बाजू सोडून दे, फळी उलटी कर. मागची बाजू सँडपेपरने घास, उरलेल्या गेसोचे दोन हात मार आणि एक दिवस वाळू दे. मग नुसत्या बर्न्ट अंबरने, तेल अजिबात न घालता, कोरड्या ब्रशने घासून घासून पूल काढ. उजेड हवा तिथे चिंधीने पुसून काढ, गेसोचा पांढरा वर येतो. तीन दिवसांनी त्यावर रंग, तेही पातळच. आभाळाच्या पांढऱ्यात चिमूटभर अंबर घाल, त्यातल्या मँगनीजमुळे पांढरा लवकर वाळतो आणि संध्याकाळचा मळकट उजेडही येतो. शेंगतेल ब्रश धुवायला ठेव! त्यात घोळव, कापडाला पूस, मग साबणाने फेस पांढरा येईपर्यंत धू. आईला वासाचा त्रास नाही.

तासगाव_द्राक्षं: ब्रशला रॉकेलच भारी.

अजिंक्यतारा_सातारा: घरात वासाचा त्रास आहे म्हणतोय तो, रॉकेल कुठं सांगताय. आणि पुढेमागे जवसाचं तेल आणलंत तर एक लक्षात ठेवा, तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात भिजवून टाका नाहीतर एकेक पसरून वाळवा. जमलं तर कधीतरी सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या संग्रहालयात जाऊन या. रविवर्म्याची मूळ ऑइल पेंटिंग्ज आहेत तिथे, शेजारी उभं राहून बघितलं की सावलीत रंग किती पातळ आहे ते कळतं.

हरिपूरकर: फ्रेम काचेची करू नका, ओल्या रंगाला काच चिकटते.

कृष्णाकाठचा: चार दिवस गप्प होतो, कामाला लागलो होतो. फळी उलटी केली, अंबरने पूल उठला. आज सकाळी कमानीवर बोट ठेवलं, काहीच लागलं नाही, दोनदा ठेवून बघितलं! आईला बोलावून दाखवलं. आजपासून आभाळ. कमानींच्या खालच्या पाण्यात काळा वापरू का?

वाईची_सून: काळा नको. अल्ट्रामरीन, म्हणजे गडद निळा, आणि अंबर मिसळ, दाट सावली येते. आणि पाणी उभ्या फटकाऱ्यांनी खाली ओढ, मग वरून एकदा आडवा कोरडा ब्रश हलकेच फिरव.