लुबिचचे सिनेमे कोणत्या क्रमाने पाहावेत?

प्रश्न
दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिचचे सिनेमे सलग पाहायचे आहेत. मूकपटांपासून सुरुवात करावी की थेट बोलपटांकडे वळावं? शिवाय त्याच्या खास शैलीला ‘लुबिच टच’ म्हणतात, तो नेमका कशात आहे? बहुतेक लेखांत ‘नजाकत’ म्हणून विषय संपवलेला असतो. एखादा प्रसंग उलगडून सांगाल का?

प्रतिसाद १
सालवारीने जाऊ नका. ‘ट्रबल इन पॅरडाइज’ (१९३२) आधी पाहा. त्यात एक अख्खी संध्याकाळ निव्वळ घड्याळांवर सरते: पडद्यावर काटे पुढे सरकतात आणि माणसांचे फक्त आवाज ऐकू येतात. दोघं किती जवळ आलीत हे आवाजाच्या बदलत्या सुरावरून कळतं.

‘मेरी विडो’मधला (१९३४) कमरपट्टा तर अभ्यासण्यासारखाच आहे. जाडजूड राजा राणीच्या महालातून बाहेर पडतो, पहाऱ्यावरचा देखणा अधिकारी आत शिरतो. तलवार विसरली म्हणून राजा परततो आणि तलवार अडकवलेला पट्टा घेऊन येतो. बांधायला जातो तर पट्टा पोटाला पुरत नाही! पट्टा त्या अधिकाऱ्याचा आहे हे राजाला तिथे उमगतं. आत काय चाललं होतं ते दाखवलं असतं, तर हा विनोद उभाच राहिला नसता. आपल्याला आधीच माहीत असलेली गोष्ट राजाला कधी आणि कशावरून कळणार, यावर सगळी मजा बेतलेली आहे.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत, पण मूकपट टाळू नका, कारण ही पद्धत तिथेच घडली. लुबिचचा बर्लिनमध्ये १८९२ साली जन्म, वडील कपड्यांच्या धंद्यात, मग नाट्यदिग्दर्शक माक्स राइनहार्टच्या नाटक कंपनीत नट. हॉलिवूडची अभिनेत्री मेरी पिकफर्डच्या बोलावण्यावरून १९२२ मध्ये अमेरिका. ‘लेडी विंडरमिअर्स फॅन’ (१९२५) करताना त्याने ऑस्कर वाइल्डच्या मूळ नाटकातली गाजलेली वाक्यं चक्क बाजूला ठेवली. त्याऐवजी घोड्यांच्या शर्यतीचा प्रसंग आहे: सगळ्यांच्या दुर्बिणी एकाच बाईवर रोखलेल्या. कुजबुज ऐकू न येताही पोचते.

एक काळजी घ्या. त्या काळचे बरेच मूकपट बोलपटांच्या सेकंदाला २४ चौकटींपेक्षा (फ्रेम) कमी वेगाने चित्रित होत. तशी प्रत २४ ने चालवली की पात्रं तुरुतुरु पळू लागतात आणि नजर वळण्याआधीचा थांबा हरवतो. लुबिचचा विनोद त्या थांब्यातच असतो, म्हणून वेग दुरुस्त केलेली प्रतच शोधा.

प्रतिसाद ३
१९३४ चा टप्पा ध्यानात ठेवा. त्या वर्षी सिनेमात काय दाखवावं याची हॉलिवूडची आचारसंहिता कडक झाली आणि पुढच्याच वर्षी ‘ट्रबल इन पॅरडाइज’ला पुन्हा प्रदर्शित व्हायची परवानगी नाकारली गेली. त्यातले चोर शिक्षा न होता सुटतात आणि एकत्र राहणाऱ्या दोघांचं लग्न झालेलं नसतं. त्यानंतरचा लुबिच वेगळा वाटतो, आणि माझ्या मते जास्त खोल.

‘शॉप अराउंड द कॉर्नर’मध्ये (१९४०) टपालपेटीच्या खणात नायिका क्लाराचा हात पत्र चाचपतो. खण रिकामा आहे. मग त्याच खणातून तिचा चेहरा दिसतो. संवाद नाही. इथे हसू येत नाही, पण तंत्र पट्ट्याच्या प्रसंगाचंच: एक वस्तू, आणि ती बघणारं माणूस.

यानंतर ‘निनोच्का’ (१९३९) आणि ‘टु बी ऑर नॉट टु बी’ (१९४२) घ्या. ‘एंजल’ (१९३७) मात्र शेवटी. त्यात इतकं काही न बोलता सोडलंय की लुबिचची सवय झाल्याशिवाय तो थंड वाटतो.